आधी नेम, मग गुरू

प्रश्न विचारणाऱ्या ताईंचा मजकूर थोडक्यात असा: माहेर माळकरी, सासर दत्तभक्त, राहणे कोल्हापुरात. सासूबाई दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जातात. शेजारणीने एका महाराजांच्या बैठकीला नेले. तिथे "गुरू केल्याशिवाय केलेली भक्ती वाया जाते" असे सांगून येत्या गुरुपौर्णिमेला अनुग्रह (गुरूकडून नामाची दीक्षा) घ्यायला सुचवले, त्यासाठी ११ हजार रुपये भरायचे. मिस्टरांना हे पटलेले नाही. ताई विचारतात: गुरू केलाच पाहिजे का? माळ घालू की अनुग्रह घेऊ? गुरुचरित्र वाचायला अनुग्रह लागतो का? आणि घेतला, पण पाळता आला नाही, तर कोप होतो का?

ताई, प्रश्न चार असले तरी गाठ एकच आहे. रोज काय करायचे हे तुमचे अजून ठरलेले नाही आणि त्याआधीच माणूस निवडण्याची घाई तुमच्यामागे लावून दिली आहे. क्रम उलटा झाला, म्हणून भीती वाटते. माळ घालायला किंवा नाम विचारायला येणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांची अडचण हीच असते. म्हणून आधी क्रम सरळ करू, मग एकेका प्रश्नाकडे वळू.

उत्तर तुम्ही कोणत्या वाटेने जाणार यावर बरेच अवलंबून आहे, कारण 'गुरू' म्हणून प्रत्येक संप्रदायात वेगळी गोष्ट अपेक्षित असते. तुमच्या माहेरच्या वारकरी वाटेत गुप्त मंत्र नाही. 'रामकृष्णहरि' हा मंत्र कोणीही, कधीही, कुठेही म्हणावा. तुकोबांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात हाच मंत्र दिला. तो दिवस माघ शुद्ध दशमी, गुरुवार. आणि तुकोबांनी तो लपवून न ठेवता अभंगात जसाच्या तसा सांगून टाकला. त्यामुळे या वाटेत गुरूकडे मंत्र मागायला जायचे नसते, नेमाला साक्षीदार करायला जायचे असते. गळ्यात माळ घालणारा ज्येष्ठ वारकरी, फडाचा (वारकऱ्यांच्या मंडळीचा) प्रमुख किंवा कीर्तनकार हा तो साक्षीदार.

सासरच्या दत्त संप्रदायात गुरू आणि देव असे दोन राहतच नाहीत, दत्त हाच गुरू. पण म्हणून वाडीला जाणाऱ्या प्रत्येकाने एखादा माणूस गुरू केलेला असतो असे समजू नका. श्रीनृसिंहसरस्वतींनी कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर १२ वर्षे वास्तव्य केले आणि गाणगापूरला जाताना मनोहर पादुका इथे ठेवल्या, अशी परंपरा सांगते. वाडीत पूजा होते ती त्या पादुकांची. पावसाळ्यात पाणी चढून पादुकांवरून दक्षिण दाराने बाहेर पडते आणि लोक दक्षिणद्वाराच्या स्नानाला लोटतात, तेही गुरुस्पर्श झालेले पाणी म्हणून. पुजारी तुमचा अभिषेक करून देतात, म्हणून ते तुमचे गुरू होत नाहीत. तेव्हा सासूबाईंना कोणी "तुमचे गुरू कोण?" असे विचारले, तर "वाडीचे महाराज" हे उत्तर पुरे आहे. त्यात काही कमी राहिले असे मानायचे कारण नाही.

काही परंपरांत मात्र नाम सद्गुरूच्या तोंडूनच घ्यावे लागते आणि ध्यानाची रीतही तेच सांगतात. इंचगेरी संप्रदाय तसा आहे, आणि आपल्या भागात त्याचे साधक बरेच आहेत. त्या वाटेने जायचे असेल तर माणूस लागतोच.  पण तिथेही कोणी पहिल्याच भेटीत अनुग्रहाला बसवत असेल, तर जरा थांबलेले बरे.

आता "गुरूवाचून भक्ती वाया" या वाक्याबद्दल. हे वाक्य हवेतून आलेले नाही. नामदेवांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: कुंभारकाम करणाऱ्या गोरोबाकाकांनी मडकी ठोकायचे थापटणे घेऊन संतांची डोकी तपासली आणि नामदेवांचे मडके कच्चे निघाले. मग ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. बैठकीत ही गोष्ट सांगून लगेच नावनोंदणीची वही पुढे येते. पण गोष्ट नीट बघा. नामदेव तोवर विठ्ठलाशी बोलत होते, त्याला भरवत होते. ती भक्ती वाया गेली असे कुणीही म्हटलेले नाही. विसोबांनी त्यांचा एकच दोष काढला: देव पंढरपूरच्या मूर्तीपुरताच आहे ही समजूत. पिंडीवर पाय ठेवून झोपलेले विसोबा म्हणाले, जिथे देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव, आणि नामदेवांना तशी जागा सापडेना. म्हणजे आधी कित्येक वर्षांचे भजन होते, त्यात एक नेमकी अडचण होती, आणि ती काढायला गुरू आला. ज्याने अजून चाक फिरवलेलेच नाही, त्याचे मडके कच्चे की पक्के हे तपासायचे तरी कसे?

गुरूचे काम तुमच्या कोल्हापुरात समजावणे सोपे आहे. तालमीतल्या वस्तादाकडे बघा. तो पोराच्या वतीने कुस्ती खेळत नाही. कोणी किती जोर-बैठका काढायच्या ते ठरवतो, कोणाला कोणता डाव शोभतो ते बघतो, खाण्यापिण्यावर डोळा ठेवतो, आणि पोरगा उगाच फुगायला लागला की त्याला मोठ्या जोडीशी लावून जमिनीवर आणतो. नवा पोरगा आला की आधी हौदा उकरायला लावतो. आल्या आल्या पट्टा बांधून फोटो काढून देणाऱ्याला कोणी वस्ताद म्हणत नाही.

भक्तीतही हेच. गुरू पहिली गोष्ट करतो ती काटछाट. आपल्याकडे घरोघरी अडचण असते ती जास्तीची: सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवारी दत्ताचे स्तोत्र, शुक्रवारी अंबाबाई, मोबाइलवर आलेला एखादा 'प्रभावी' मंत्र ४० दिवस, शिवाय वाचनाला दोन पोथ्या. जाणता माणूस यातले एक ठेवतो आणि बाकीच्याला नमस्कार करायला सांगतो. दुसरी गोष्ट म्हणजे तपासणी. जप होतो का एवढेच तो विचारत नाही. जप करणाऱ्याचा घरातला राग कमी झाला का, उसने घेतलेले पैसे वेळेवर जातात का, हेही बघतो. एकनाथ महाराज देवगिरीला जनार्दनस्वामींकडे राहिले. तिथे हिशेबातली एका पैची चूक शोधत ते रात्रभर बसले आणि सापडल्यावर टाळी वाजवली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. स्वामींनी त्या टाळीवरूनच शिष्याची एकाग्रता ओळखली. जनार्दनस्वामी स्वतः किल्ल्यावर कारभार सांभाळणारे संसारी गृहस्थ होते. ज्ञानोबांचे गुरू तर घरातलेच, थोरले भाऊ निवृत्तिनाथ. तेव्हा गुरू म्हणजे भगवी छाटी, उंच आसन आणि मागे कटआउट असेच चित्र डोळ्यांपुढे ठेवू नका.

गुरूचे काम काय नाही, हेही सांगायला हवे. लग्न जुळवणे, मुलाला नोकरी लावणे, जमिनीच्या दाव्याचा निकाल सांगणे, औषध बंद करायला लावणे. यासाठी जो तुम्हाला बोलावतो, तो दुसऱ्या कुठल्या तरी धंद्यात आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर डॉक्टरी उपचार घेऊ न देणारा तर कायद्यातही सापडतो. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि त्यात ६ महिने ते ७ वर्षे कैद व ५ हजार ते ५० हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. तक्रार साध्या पोलीस ठाण्यात करता येते.

बाई म्हणून, आणि त्यातही कोल्हापुरात राहणारी सून म्हणून तुम्हाला सगळ्यात जवळचे उदाहरण आहे ते संत बहिणाबाईंचे. (खानदेशच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी वेगळ्या. या सतराव्या शतकातल्या, तुकोबांच्या शिष्या.) वेरूळजवळच्या देवगावचे हे कुटुंब अडचणीत सापडून फिरत फिरत कोल्हापुरात आले आणि बहिरंभट नावाच्या ब्राह्मणाच्या घरी राहिले. वय कोवळे. पती वेदपाठी, तापट. कोल्हापुरात जयरामस्वामींची कीर्तने चालत, त्यांत तुकोबांचे अभंग येत. ते ऐकून बहिणाबाईंच्या तोंडात ती वचने बसली. घरच्या गाईचे वासरू त्यांच्यामागे कीर्तनाला यायचे. लोकांत त्याची चर्चा झाली, पतीला ते सहन झाले नाही, मारहाण झाली. पुढे वासरू मेले, बहिणाबाई बेशुद्ध पडल्या, आणि त्या अवस्थेत तुकोबांनी स्वप्नात येऊन मंत्र दिला. तोवर तुकोबांना त्यांनी डोळ्यांनी पाहिलेही नव्हते. पुढे पतीचा विरोध मावळला आणि सगळे देहूला गेले.

यातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. एक, गुरू भेटण्याआधी त्या गुरूचे शब्द त्यांच्या रोजच्या बोलण्यात उतरलेले होते. कुणाची ओळख, शिफारस, नोंदणी यातले काही नव्हते. दुसरी, त्यांनी संसार सोडला नाही आणि पतीला टाकूनही दिले नाही. आपल्या अभंगांत त्यांनी पातिव्रत्य आणि परमार्थ यांची ओढाताण उघडपणे मांडली आहे. आजच्या काळात मारहाण सोसत राहा असा त्याचा अर्थ मुळीच नाही. पण मिस्टरांना न सांगता, लपून अनुग्रह घ्यावा असे जर कोणी सुचवत असेल, तर तो माणूस तुमच्या घरात फट पाडतो आहे हे ओळखा. मिस्टर साशंक आहेत हे तर चांगलेच आहे. त्यांना बैठकीला सोबत न्या आणि त्यांना प्रश्न विचारू द्या. गीतेत चौथ्या अध्यायात ज्ञानी माणसाकडे कसे जावे ते सांगितले आहे, त्यात नमस्कार आणि सेवा यांच्या मध्ये 'परिप्रश्न' आहे, म्हणजे खोदून खोदून विचारणे. प्रश्न विचारला की "श्रद्धा कमी आहे" असे उत्तर येत असेल, तर तिथून उठावे.

माणूस तपासायचा कसा? दीक्षेच्या ग्रंथांत गुरू-शिष्यांनी एकमेकांची निदान वर्षभर परीक्षा घ्यावी असे सांगितलेले आहे, आणि व्यवहारातही एवढा काळ लागतोच. उत्सवाच्या दिवशी बघून काही कळत नाही, त्या दिवशी सगळेच गोड असतात. आडदिवशी, पाच-सात माणसे असताना जा. त्यांचे गुरू कोण, त्यांच्या गुरूंचे कोण, हे विचारा. खऱ्या परंपरेतला माणूस हे आनंदाने सांगतो, आणि वर्षातून एकदा तरी स्वतः कुणापुढे तरी वाकायला जातो. "आम्हाला थेट वरून आले" असे उत्तर आले, तर त्या माणसाला विचारणारे खाली कुणी नाही एवढेच त्यातून कळते. पैसा कोण हाताळतो ते बघा. धर्मादाय आयुक्तांकडे न्यासाची नोंदणी आहे का, पावती न्यासाच्या नावाची मिळते का? बायकांना एकटीने आतल्या खोलीत बोलावतात का? सोडून गेलेल्या माणसाबद्दल तिथे काय बोलतात, हे तर जरूर ऐका. सोडून गेला तो शिकला आणि गेला, असे म्हणणारी जागा चांगली. सोडून गेला त्याचा अपघात झाला, असे सांगत असतील, तर तुमच्या 'कोपा'च्या भीतीचे मूळ तिथेच आहे.

आणि मुख्य सेवेकऱ्यांकडे बघा. गुरू स्वतः मृदू बोलतो, पण दुसऱ्या फळीतली माणसे रांगेतल्या म्हाताऱ्यावर खेकसतात, ओळखीच्याला पुढे घेतात, असे असेल तर शिकवण किती उतरली याचा अंदाज येतो.

११ हजारांचे म्हणाल, तर अनुग्रहाला दर नसतो. नारळ, फूल, ऐपतीप्रमाणे दक्षिणा, एवढीच रीत. वारकऱ्यांत तर माळसुद्धा बहुधा आपली आपणच नेतो. अन्नदानासाठी, बांधकामासाठी कोणी वर्गणी मागितली तर तो वेगळा व्यवहार आहे. द्यायची की नाही ते घरात ठरवा आणि दिलीत तर पावती घ्या. पण रक्कम भरल्यावर नाम, असे जिथे जोडले आहे तिथे जाऊ नका. या एका मुद्द्यावर मी "परिस्थितीवर अवलंबून" असे म्हणणार नाही.

गुरुचरित्राचा प्रश्न सोपा आहे: त्याला अनुग्रह लागत नाही. ग्रंथाची रचनाच तशी आहे. नामधारक नावाचा दुःखी माणूस वाट शोधत निघतो, त्याला सिद्ध भेटतो आणि चरित्र सांगतो. म्हणजे ऐकणारा गुरू शोधणाराच आहे. अडचण येते ती सप्ताहाच्या पथ्यांची. सात दिवसांत पूर्ण करताना नेहमीची वाटणी अशी असते: पहिल्या दिवशी ९व्या अध्यायापर्यंत, मग २१, २९, ३५, ३८, ४३ आणि शेवटच्या दिवशी समाप्ती. जागा, वेळ आणि आसन एकच, एकभुक्त, ब्रह्मचर्य, जमिनीवर झोपणे, वाचन मध्येच न सोडणे. बसण्याची सवय नसलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाठ भरून आली की ओव्या पळवायला लागतो आणि सातव्या दिवशी सुटल्याचा आनंद मानतो. म्हणून पहिल्याच फेरीला सप्ताह लावू नका. रोज दिवा लावून थोडे थोडे, अर्थ समजेल अशा गतीने वाचा. स्त्रियांनी हा ग्रंथ वाचू नये असा संकेत काही ठिकाणी पाळतात, काही ठिकाणी बायका सर्रास सप्ताहाला बसतात. सासूबाईंच्या घरात जी रीत आहे ती आधी विचारा. वाद होणार असेल तर टेंबे स्वामींनी (१८५४–१९१४) रचलेले सप्तशती गुरुचरित्रसार आहे, ते लहान आहे आणि घरात बसून वाचायला सोपे जाते. 'दिगंबरा दिगंबरा'चा गजर तर आबालवृद्ध करतात.

या ग्रंथाबद्दल एक सावधगिरी. सोळाव्या अध्यायात धौम्य ऋषींच्या शिष्यांच्या कथा आहेत. पाटाचे पाणी अडवायला स्वतः आडवा पडणारा अरुणी, उपाशी राहून रुईच्या चिकाने आंधळा होऊन विहिरीत पडणारा उपमन्यू. "गुरू सांगेल ते डोळे मिटून करा" हे पटवायला याच कथा वापरतात. कथा शेवटपर्यंत वाचा. धौम्य शिष्याला शोधत स्वतः जातात, हाका मारतात, बाहेर काढतात, विद्या देतात आणि घरी पाठवतात. परीक्षा संपते, शिष्य मोकळा होतो. पंधरा-पंधरा वर्षे फुकट राबवून घेऊन "अजून तुझी परीक्षा चालू आहे" म्हणणाऱ्याला धौम्यांचा दाखला देता येत नाही.

मग तुम्ही काय करावे? तुमच्या जागी माझी लेक असती तर मी तिला आज काहीच घ्यायला सांगितले नसते. तीन महिने नेम धरायला सांगितले असते. लहान असावा. संध्याकाळी दिवा लावल्यावर 'रामकृष्णहरि'च्या ३ माळा. सहा अक्षरांचा मंत्र आहे, घाई न करता एका माळेला साडेतीन-चार मिनिटे लागतात, म्हणजे दहा-बारा मिनिटांत तीन होतात. माळ मधल्या बोटावर ठेवून अंगठ्याने मणी ओढायचा, तर्जनी बाजूला. मेरुमणी आला की तो ओलांडायचा नाही, माळ फिरवून परत यायचे. १०८ झाले तरी १०० धरायची पद्धत आहे, ८ चुकल्यामाकल्याचे. त्यानंतर माउलींच्या हरिपाठातले निदान पाच अभंग. २७ अभंगांचा पूर्ण हरिपाठ रोज झाला तर उत्तम, पण घरात मुलांची परीक्षा, स्वयंपाक, पाहुणे हे धरून जे टिकेल तेच ठरवा. महिन्यातून दोन एकादशा. उपवास झेपत नसेल, औषधे चालू असतील, तर डॉक्टरांना विचारून एक वेळचा करा.

या काळात चुका ठरलेल्या असतात. पहिल्या आठवड्यात उत्साहाने ११ माळा होतात, दुसऱ्या आठवड्यात एक, तिसऱ्यात खाडा, आणि मग "मला जमत नाही, गुरूच लागतो" असा निष्कर्ष. गुरू असता तरी त्याने तीनच सांगितल्या असत्या. दुसरी चूक म्हणजे खाडा पडला की दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाई. ती करू नये, पुढचा दिवस नेहमीसारखा करावा. एक साधी वही ठेवा, तारखेपुढे फक्त 'झाले' किंवा 'नाही'. पाळीच्या दिवसांत काय, असे बायका हमखास विचारतात. माळ हातात घ्यायची की नाही हे घरच्या रीतीने ठरवा, पण नामाला सोवळे-ओवळे नाही, मनात चालू ठेवा. तीन महिन्यांनी त्या वहीत नव्वदातले साठ-सत्तर दिवस भरलेले दिसले आणि तरीही काही अडते आहे असे वाटले, उदाहरणार्थ मन लागत नाही, किंवा लागते पण उठल्यावर चिडचिड वाढते, किंवा अर्थ कळत नाही, तर आता तुमच्याकडे गुरूला विचारण्याजोगा प्रश्न तयार झाला. तो प्रश्न घेऊन दोन-तीन ठिकाणी जा. कोण तुमचे पूर्ण ऐकून घेतो आणि कोण वाक्य संपायच्या आत मंत्र काढतो, यावरून पुढचे ठरेल.

माळ घालायचे मनात असेल तर तिची पथ्येही आताच जाणून घ्या. मांस-मद्य वर्ज्य, एकादशी, रोज हरिपाठ, वर्षातून निदान एक वारी (आषाढी किंवा कार्तिकी), परस्त्री-परधनाकडे न पाहणे, खोटे न बोलणे. विधी अगदी साधा. तुळशीची माळ ज्ञानेश्वरीवर किंवा विठ्ठलाच्या पायांवर ठेवतात, नियम वाचून दाखवतात, कबूल आहे का विचारतात, गळ्यात घालतात, बुक्का लावतात, 'पुंडलिक वरदा'चा गजर होतो. मग माळ घालणारा आणि घालून घेणारा दोघे एकमेकांच्या पाया पडतात. सत्तरीचा वीणेकरी विशीतल्या पोरीच्या पायांना हात लावतो. या संप्रदायात गुरूची जागा कोणती आहे हे तेवढ्यावरून कळते.

कोल्हापुरात यातले सगळ्यात अवघड पथ्य कोणते, हे सांगायला नकोच. रविवारचा तांबडा-पांढरा. पुरुष माळकरी झाला तर ताटापुरता प्रश्न असतो. घरात चूल सांभाळणारी बाई माळकरी झाली की मटण शिजवायचे कोणी, हा खरा पेच. आणि गावची जत्रा, म्हाई आली की पै-पाहुण्यांना काय वाढायचे? पथ्य तुमच्या खाण्याचे आहे, इतरांवर लादायचे नाही, हे बहुतेक जाणते मान्य करतात. शिजवण्याबद्दल मात्र मते वेगळी आहेत. काही घरांत वेगळी भांडी आणि वेगळी शेगडी ठेवून सासू किंवा मिस्टर करतात, काही माळकरी बायका स्वतः न खाता घरच्यांना करून वाढतात, आणि काही फडांना ते चालत नाही. म्हणून ज्यांच्याकडून माळ घालणार त्यांना हे आधीच स्पष्ट विचारा आणि घरातही चर्चा करा. माळ घातल्यावर पहिल्या जत्रेला भांडण होऊन ती खुंटीला गेलेली पुष्कळ बघायला मिळते. चार महिने माळ न घालता ती पथ्ये पाळून बघा, चातुर्मास त्यासाठी सोयीचा. आषाढीला पंढरपूर जमत नसेल तर कोल्हापूरजवळचे विठ्ठलाचे नंदवाळ आहेच. कोल्हापुरातून निघणाऱ्या दिंडीबरोबर चालून आलात की संप्रदायातली माणसे जवळून दिसतील, आणि त्यांतच माळ घालणारे कोणी आपसूक भेटेल.

राहिला कोपाचा प्रश्न. नेम मोडला तर नेम मोडला, एवढेच होते. मांसाहार घडला तर माळकरी माळ उतरवून ठेवतात, ज्यांनी घातली त्यांना जाऊन सांगतात आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे पुन्हा घालतात. गुरूच चुकीचा निघाला तर? समर्थांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात करामती दाखवणाऱ्या गुरूंना बाजूला काढले आहे आणि जे शिष्याला साधनाला लावत नाहीत, इंद्रियदमन करवत नाहीत, असे गुरू अडक्याला तीन मिळाले तरी टाकावेत असे म्हटले आहे. महाभारतात भीष्म आपल्या गुरूसमोर, परशुरामांसमोर उभे राहून सांगतात की कार्य-अकार्य न जाणणाऱ्या, वाट सोडलेल्या गुरूचा त्याग करावा. तेव्हा सोडण्याला शास्त्राचा आधार आहे. सोडताना निंदा करत फिरू नये, जाणे बंद करावे. मिळालेले नाम देवाचे असते, ते चालू ठेवले तर बिघडत नाही. त्या ठिकाणी पैशाची फसवणूक किंवा अंगचटीला येण्याचा प्रकार झाला असेल, तर मात्र गप्प न बसता तक्रार द्यावी. तिला निंदा म्हणत नाहीत.

शेजारणीला काय सांगायचे, असाही प्रश्न तुम्हाला पडेल. "घरात ठरले की बघू, सध्या माहेरचा हरिपाठ धरलाय" एवढे सांगा. हरिपाठ धरणाऱ्या बाईला भक्ती वाया चालली म्हणून कोल्हापुरात तरी कोणी अडवणार नाही.